बानूचे निरोप

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात एका शटरखाली दोन मिस्त्री काम करत होते आणि त्या दोघांत विस्तव जात नव्हता. इंजिनाचा कारभार लियाकतकडे. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत सगळं मुझम्मिलकडे. मुझम्मिल हा लियाकतच्या धाकट्या बहिणीचा, बानूचा नवरा. गॅरेजचं लायसन्स दोघांच्या नावावर एकच, म्हणून वेगळं व्हायची सोय नव्हती. नाहीतर लियाकतने त्याला केव्हाच बाहेरचा रस्ता दाखवला असता. मुझम्मिलचंही मत तेच होतं, फक्त बाहेर कोणी जायचं एवढ्यापुरता मतभेद होता.

भांडण इथलं नव्हतं, रत्नागिरीहून आणलेलं होतं. लियाकतच्या मुलीच्या, रुखसारच्या निकाहात मुलीचा वकील म्हणून, म्हणजे तिची कबुली आणायला, मुझम्मिलच उभा राहणार, असं सगळं घर धरून चाललं होतं. फुफाचा, आत्याच्या नवऱ्याचा तो मान. लियाकतने ऐनवेळी व्याह्यांच्या ओळखीच्या एका बड्या माणसाला पुढे केलं. मुझम्मिल भरल्या ताटावरून उठला तो सरळ मुंबईला विमानतळावर. त्या दिवसापासून एक शब्द नाही. अशा गोष्टी माणसं विसरतात म्हणे. विसरणारी माणसं कोकणात कुठल्या गावात राहतात, ते लियाकतला अजून कळलेलं नव्हतं.

पण गॅरेज म्हटलं की बोलावं लागतंच. त्यावर तोडगा होता बानू. काचेच्या केबिनमध्ये ती बिलं करत बसायची आणि निरोप पोचवायची. दोघं हातभर अंतरावर उभे असले तरी. "बानू, त्याला सांग जॅक माझ्याकडे हवाय." की बानू बाहेर येऊन, "अहो, भाईला जॅक हवा होता, तुमचं झालं असेल तर." जाताना शब्द कडू असायचा, पोचताना त्यावर साखर पेरलेली असायची. लियाकतला हे थोडंफार ठाऊक होतं. त्याला वाटायचं, नुसतं वरवरचं तर आहे, काम तर होतंय.

मग ओवेसने गाडी आणली.

ओवेस म्हणजे बानू-मुझम्मिलचा एकुलता एक. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरी, गळ्यात कार्ड, तोंडात इंग्रजी. गाडी काळी, अमेरिकन मसल कार, जुन्या धाटणीची, मागे सरळ आडवा एक्सल. तिला ड्रॅग रेससाठी तयार करायचं होतं. सरळ पट्टी, पाव मैल, दोनच गाड्या, जो आधी पोचेल तो जिंकला. भाच्याचं काम म्हटल्यावर लियाकतने जीव ओतला. पिस्टन बदलले, कनेक्टिंग रॉड बदलले, वर इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवला. तोही पुरेना म्हणून त्याची पुली लहान केली, म्हणजे तो आणखी जोरात फिरेल. साडेचारशे हॉर्सपॉवरचं इंजिन नऊशेवर गेलं. आवाज ऐकून शेजारच्या टायरवाल्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं, तेव्हा लियाकतची छाती फुगली, खोटं कशाला बोला.

पण छाती फुगली तरी अक्कल जागेवर होती. इंजिनाची ताकद शेवटी जाते एक्सलमधल्या दोन लोखंडी शाफ्टांतून, मागच्या दोन चाकांना. कंपनीचे शाफ्ट नऊशे कुठून पेलणार? सुटताना एखादा मोडला तर असल्या एक्सलमध्ये चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर येतं, आणि मग आत बसलेल्याचं अल्लाच बघून घेतो. लियाकत केबिनच्या दारात गेला.

"त्या गाढवाला सांग," तो म्हणाला, "इंजिन डबल झालंय. त्याचे कंपनीचे शाफ्ट काडीसारखे मोडतील. जाड, फोर्ज केलेले मागव म्हणावं, नाहीतर स्वतःच्या हाताने पोराला मारशील."

बानू उठून गेली. परत आली तेव्हा हसत होती. "ते म्हणाले, सगळं बघितलंय. शुक्रिया सांग म्हणाले."

शुक्रिया. मुझम्मिलच्या तोंडून. लियाकतने तिथेच चमकायला हवं होतं. पण गोड लागलं, आणि गोड लागलेलं माणूस थुंकत नाही. त्याने उठून एक्सलखाली डोकावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. त्याच्या बाजूला वाकायचं म्हणजे त्याच्यापुढे वाकायचं, असं त्या दोघांचं शास्त्र.

रेस शनिवारी दुपारी होती, रास अल खैमाच्या रस्त्याला, वाळूत आखलेल्या पट्टीवर. गाड्यांची रांग, रबराचा धूर, मोबाइल उंच धरलेली पोरं. मुझम्मिल उजव्या बाजूला उभा, लियाकत डाव्या. मध्ये बानू, हातात सामोशांचा डबा, कारण घरातलं कोणी कुठेही निघालं की तिला डबा लागायचाच.

ओवेसच्या पुढे एकच जोडी उरली होती. हवा तपासायला म्हणून लियाकत मागच्या टायरशी बसला आणि रिमच्या मधून त्याची नजर आत गेली. शाफ्टच्या टोकावर कंपनीचा पिवळा ठिपका. जुना, गंजाने अर्धा खाल्लेला.

तो खिडकीशी आला. "ओवेस, अब्बांनी शाफ्ट बदलले ना?"

"नो मामू, ओन्ली द गिअर्स. शाफ्ट्स आर फाइन, अब्बा सेड."

गिअर्स. म्हणजे सुटताना शाफ्टला आणखी पीळ. लियाकतने खिडकीची कड धरली. "इंजिन बंद कर. उतर."

"मामू, रिलॅक्स. इट्स माय टर्न."

पुढची जोडी सुटली. झेंडेवाल्याने ओवेसला पुढे यायची खूण केली. ओवेसने हेल्मेटची काच खाली ओढली. समजावत बसायला वेळ नव्हता. लियाकतने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, कमरेचा कटर काढला आणि सुपरचार्जरचा पट्टा कापून टाकला. आठवडाभर ज्या इंजिनावर तो जीव टाकत होता, ते त्याने सगळ्यांदेखत आंधळं केलं.

रांगेतून शिट्ट्या आल्या. मुझम्मिल धावत आला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं, पण तेव्हाही तो लियाकतकडे बघून बोलला नाही.

"तुझ्या भावाला सांग," तो बानूवर ओरडला, "निकाहात माझी इज्जत काढली, आता माझ्या पोराची काढतो? बघवलं नाही हरामखोराला. जळतो तो. खलास, आजपासून आपला संबंध नाही म्हणावं."

बानू वळली. अजूनही सवय सुटेना. "भाई, त्यांना जरा वाईट वाटलं..."

"मी बहिरा आहे का?" लियाकतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याला विचार, शाफ्ट बदल म्हणून निरोप दिला होता तो कुठे गेला? पोरगा मेला असता तर कोणाला वाईट वाटलं असतं?"

"कसला निरोप?" मुझम्मिल बानूला म्हणाला. "खोटं बोलतोय."

ओवेस हेल्मेट काढून उभा होता. "मम्मा," तो म्हणाला, "व्हॉट डिड मामू ॲक्च्युअली से?"

बानूने डबा बॉनेटवर ठेवला. कोणाकडेच न बघता ती म्हणाली, "म्हणाला होता, त्या गाढवाला सांग, शाफ्ट काडीसारखे मोडतील. जाड मागव, नाहीतर स्वतःच्या हाताने पोराला मारशील."

"आणि मला काय सांगितलंस?" मुझम्मिलचा आवाज खाली आला.

"भाई म्हणतोय इंजिन मस्त झालंय, तुम्हीपण मागचं जरा बघून घ्या. इन्शाल्ला छान होईल." तिने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही म्हणालात, माझं काम मला शिकवू नको म्हणावं. त्याचं मी शुक्रिया केलं. गाढव म्हटलं असतं तर तुम्ही हातातला पाना टाकून निघून गेला असता. ओवेसची गाडी अर्धी राहिली असती."

मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या.

"त्याला विचार," मुझम्मिल शेवटी म्हणाला, "किती ताकद काढलीय?"

"नऊशे," लियाकत म्हणाला.

"नऊशे," बानू म्हणाली.

मुझम्मिल मागच्या चाकाशी जाऊन बसला. एवढी ताकद तो धरून चालला नव्हता, हे लियाकतला त्याच्या पडलेल्या खांद्यांवरून कळलं. रिममधून बोट घालून त्याने तो पिवळा ठिपका खरवडला. मग पाठ न वळवता काहीतरी पुटपुटला. शेजारून एक गाडी गरजत गेली आणि लियाकतला अक्षर ऐकू आलं नाही. त्याला ते ऐकायचं होतं. इतकं काही ऐकावंसं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बानू त्याच्याकडे आली. "म्हणाले, पट्टा कापला ते बरं केलं. आणि म्हणाले, यापुढे कधी तोंड दाखवू नको."

लियाकत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आयुष्यभर तिने साखर पेरली होती. आता ती कुठे आहे नि कुठे नाही, हे ओळखायचं कसं?

"खरं सांग," तो म्हणाला. "यातलं गोड तू घातलंस ना?"

"नाही," बानू म्हणाली. "गोड त्यांचं आहे. कडू मी घातलंय. तो माझा निरोप आहे, तुम्हा दोघांना."

तिने डबा उचलला आणि ओवेसला घेऊन ती टॅक्सी बघायला रस्त्याकडे निघाली. पट्टा कापलेली गाडी ढकलून बाजूला घ्यायची होती. एका बाजूला मुझम्मिल होता, दुसऱ्या बाजूला लियाकत, आणि ढकल म्हणून सांगायला मध्ये कोणी नव्हतं.