सून उतरली ती धावपट्टी

मी युनफंगचा विमानतळ बोलतोय. गुइझोउ प्रांताच्या डोंगरांत जन्मलो. शिखरं कापली, त्याच दगडमातीनं दऱ्या भरल्या, तेव्हा कुठे एका धावपट्टीपुरती सपाट जागा झाली.

सुरुवातीला दिवसाकाठी एकच विमान यायचं. प्रवाशांपेक्षा कर्मचारीच जास्त. खालच्या गावांतले लोक पोराबाळांसकट नुसतं विमान बघायला यायचे, काचेला नाक लावून उभे राहायचे आणि जाताना माझ्याकडचं फुकटचं गरम पाणी चहाच्या बाटल्यांत भरून न्यायचे. मला त्याचंही कौतुक. माझं दुखणं एकच, धुकं. ते दरीतून वर चढलं की मी आंधळा.

एका हिवाळ्यात खालच्या गावातल्या शी मेइश्यांग काकू सगळं वऱ्हाड घेऊन आल्या. मुलगा आ-लिन उत्तरेत नोकरीला. तिकडचीच सू च्याओ त्यानं पसंत केली होती आणि लग्नासाठी दोघं विमानानं येत होती. दुपार व्हायच्या आत सुनेनं सासरी पाऊल टाकायचं, असा मुहूर्त. बरोबर बांबूचे पावे वाजवणारे, चिकट भाताच्या टोपल्या आणि आंबट रश्श्यातल्या माशांचं भलंमोठं पातेलं.

विमान आलं, धुक्यावर घिरट्या घालत राहिलं आणि प्रांताच्या राजधानीकडे निघून गेलं. माझ्याकडे घोषणा करणाऱ्या तियान यूहं या मुलीनं तसं कसंबसं सांगितलं. काकू पातेल्याशेजारी जाऊन बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच विमानानं पुढे जाणारे प्रवासीही अडकले होते. माझ्या एकुलत्या एक दुकानातल्या शेवया संपलेल्या, पोरं रडकुंडीला आलेली. काकूंनी ते पाहिलं, उठल्या आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

"अगं, हे वऱ्हाडाचं जेवण आहे," नवऱ्यानं हटकलं.

"मग हे कोण? धुक्यानं धाडलेलं वऱ्हाडच की."

माझ्या गुळगुळीत फरशीवर पंगत बसली. पावे वाजू लागले. सुटाबुटातले साहेब रश्श्यानं वाहणारं नाक पुसत दुसऱ्यांदा वाटी पुढे करू लागले. जेवणं आटोपेपर्यंत वारा फिरला, धुकं फाटलं आणि विमान परत आलं.

पण दुपार अगदी डोक्यावर आलेली आणि गावचा घाटरस्ता दोन तासांचा. मुहूर्त हुकला म्हणून नवरा हळहळला. काकूंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ती धावपट्टी आहे ना, तिथं तुमच्या वडिलांचं मक्याचं शेत होतं. सून आपल्याच शेतात उतरतेय. आणखी कुठलं सासर हवं?"

लाल कोटातली सू च्याओ घाबरत घाबरत आत आली. "आई, उशीर झाला."

"नाही गं. थेट घरातच उतरलीस."

मग जो नाच सुरू झाला! अडकलेल्या प्रवाशांचं विमान तयार होतं, पण उठेना कुणी. यूहंला पुन्हा पुन्हा घोषणा करावी लागली, आणि शेवटची तर तिनं हसतहसतच केली.

आता माझ्याकडे बरीच विमानं येतात. नवं प्रतीक्षागृह झालंय. आ-लिन आणि सू च्याओ वसंतोत्सवाला, नव्या वर्षाच्या सुट्टीत येतात, त्यांची लेक माझ्या फरशीवर घसरगुंडी खेळते.

तुम्हीही या कधीतरी. धुकं असलं तर कपाळाला आठ्या घालू नका. शेजारच्याला नाव विचारा, डबा उघडा. विमान काय, उतरेलच.