घराण्याचे डोळे

दोघी बहिणींच्या शिवणाच्या दुकानात शर्टांची काजं थोरली स्वतःच करायची. दुसऱ्या कुणाच्या हातचं काज तिला पसंत पडत नसे. आणि आता तिला एका सुईच्या दोन सुया दिसू लागल्या होत्या. डोळे इतके बाहेर आले होते की झोपेतही पापण्या मिटत नसत.

"घराण्याचं रूप आहे हे," ती गिऱ्हाइकांना ठणकावायची. "तुमच्यासारखे मिचमिचे नाहीत आमचे."

शेवटी धाकट्या बहिणीने तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"थायरॉइडमुळे डोळ्यांमागे सूज आलीय," रक्ताचा रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या. "या आजाराचा कल रक्तातून उतरतो. सगळ्यांना होतंच असं नाही, पण धोका वाढतो. त्यात सिगरेट म्हणजे आगीत तेल. घरात आणखी कुणाला आहे?"

"छे! आमचं घराणं खणखणीत."

तेवढ्यात शेजारच्या डॉक्टरांची नर्स आत डोकावली आणि धाकटीला म्हणाली, "ताई, बरं झालं भेटलात. पुढच्या तपासणीला तुमच्या थायरॉइडचा नवा रिपोर्ट आणा हं."

बाहेर येताच थोरली तिला घेऊन बाकावर बसली.

"कधीपासून?"

"लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हापासून. तुला सांगायचं म्हणजे दवंडीच की, अक्का! सोयरीक मोडली असती."

आपलं तोंड फटकळ आहे, हे थोरलीला ठाऊक होतं. तेवढं तिने गिळलं असतं. पण दुकानामागच्या पायरीवर दोघी मिळून धूर काढायच्या, ते तिला आठवलं.

"ठसका लागतो म्हणून सिगरेट सोडली म्हणालीस. डॉक्टरांनी सोडायला लावली होती ना?"

धाकटीने मान खाली घातली.

"आणि उरलेली पाकिटं मला दिलीस! वर म्हणालीस, अक्का, वाया कशाला घालवायची!"

"तुलाही होईल असं वाटलं नव्हतं गं."

"मी रूप रूप म्हणून मिरवत होते, आणि तू गोळ्या गिळत हसत होतीस. लेकीला तरी सांगितलंस?"

"नाही. तिच्या सासरी कळलं तर..."

"ती पण ओढते. लाव फोन."

धाकटीने पर्स छातीशी घट्ट धरली.

थोरली उठली. जिन्याच्या पायऱ्या एकीवर एक चढलेल्या दिसत होत्या. धाकटीने हात पुढे केला.

"लांब हो. तुझ्या भरवशावर चालले, तेवढं पुरे."

कठड्याला धरून, पाय चाचपत ती उतरू लागली. भाचीचा नंबर तिला तोंडपाठ होता.