अम्मीचा दालचा, आजीची डाळ

कादंबरीचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. "नाजिमामावशी, एक छोटासा चेंज हवाय," ती म्हणाली. "रेसिपीतली चिंच काढता येईल का? नाहीतर मग शुक्रवारचा गुरुवार करून टाकू."

मला आधी काही कळेचना. दालच्यातली चिंच काढायची म्हणजे उरलं काय? आणि शुक्रवार मी लिहिलाच नव्हता. मी जुम्मा लिहिलं होतं. तिला म्हटलं, पाच मिनिटांनी फोन करते, आणि लॅपटॉप उघडला.

कादंबरी ही उल्काची मुलगी. उल्का आणि मी कर्वेनगरच्या या सोसायटीत भिंतीला भिंत लावून राहतो. आमच्या ब्लॉगचं नावही तेच, 'भिंतीला भिंत'. एक लेख तिचा, एक माझा. तिच्याकडची अळूची भाजी, माझ्याकडचा खिचडा. बऱ्यापैकी वाचला जायचा. मग माझ्या अम्मीला अर्धांगाचा झटका आला आणि सहा वर्षं माझ्या घरात मऊ भात आणि पातळ वरण याखेरीज फारसं काही शिजलं नाही. त्यावर काय लिहिणार, भात किती घोटावा? गेल्या वर्षी अम्मी गेली. त्यानंतरही तिची पातेली मी माळ्यावरून काढली नाहीत.

या महिन्यात काढली आणि दालचा केला. चण्याची डाळ, दुधी, चिंचेचा कोळ, वरून कढीपत्त्याची फोडणी. केला तो बिनमटणाचा. अम्मी-अब्बा माझ्याकडेच राहायचे, आणि दर जुम्म्याला अम्मी दालच्याची दोन पातेली चढवायची. एक मटणाचं, आमच्यासाठी. एक बिनमटणाचं, शेजारच्या उल्कासाठी. पळीसुद्धा वेगळी ठेवायची, आणि त्या पळीला आमच्यापैकी कोणी हात लावला तर तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. हे सगळं मी एका बैठकीत लिहून काढलं आणि उल्काला वाचायला दिलं. वाचताना ती रडली. म्हणाली, ब्लॉग परत सुरू करू या, कादंबरी याच कामात नोकरी करते, ती छान मांडून देईल. मी पासवर्ड दिला. लेख लागल्याचं उल्काने दारात सांगितलं, पण शाळेत परीक्षा चालू होत्या. म्हटलं, आपलाच तर लेख, काय पाहायचा.

आता पाहिला. वर लिहिलं होतं, 'आजीची पुणेरी दुधी-डाळ'.

जिथे जिथे अम्मी होती, तिथे तिथे आजी बसली होती. जुम्म्याचा शुक्रवार झाला होता. नमाज पढून घरी येणारे माझे अब्बा 'फेरफटका मारून येणारे आजोबा' झाले होते. दोन पातेल्यांचा परिच्छेद सबंध उडवला होता. बरोबरच आहे, आजीला दुसरं पातेलं लागेल कशाला? आणि खाली माझ्या नावाच्या जागी 'टीम भिंतीला भिंत'. मी शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या निबंधांत खूप काही पाहिलंय, पण दुसऱ्याची आई खोडून तिथे भलतीच बाई बसवलेली पहिल्यांदाच पाहिली.

चिंचेचं कारण खाली प्रतिक्रियांमध्ये सापडलं. कोथरूडच्या कुणा इंदुबाईंनी लिहिलं होतं, "शुक्रवारी आजी चिंच घालायच्या? आमच्याकडे संतोषीमातेच्या शुक्रवारी आंबटाला कोणी बोटसुद्धा लावत नाही. कसल्या हो तुमच्या आजी?" त्यांच्याखाली आणखी सात-आठ जणींनी होकार भरला होता. मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोकं तापलं. अम्मीला आजी केलं, पण आजीचे उपवास यांना माहीत नव्हते.

मी कादंबरीला फोन लावला. ती समजावणीच्या सुरात बोलू लागली. ऑडियन्सला रिलेट व्हायला हवं, इतक्या वर्षांनी पहिलीच पोस्ट आहे, अम्मी म्हटलं की हल्ली कमेंट्समध्ये काय काय येतं ते तुलाही माहितीये, तुझ्यासाठीच तर केलं. माझ्यासाठी केलंस तर मला विचारायचं कसं राहिलं, असं मी विचारलं. त्यावर ती म्हणाली की आईला विचारलं होतं, आई हो म्हणाली.

मी फोन ठेवून दिला. आई हो म्हणाली. आणि आई रोज दारात भेटत होती, 'झोप झाली का' विचारत होती.

संध्याकाळी उल्का आली. एरवी ती घंटा वाजवत नाही, सरळ आत येते. आज वाजवली. लेकीने सगळं सांगितलेलं दिसत होतं. खुर्चीच्या कडेवर बसून ती म्हणाली, "चिडू नकोस गं. लोक तुलाच त्रास देतील, म्हणून केलं."

"लोकांनी अजून काहीच केलेलं नाही, उल्का. केलंय ते तुम्ही."

मग ती बरंच बोलली. तिच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काय काय चालतं, तिला किती भीती वाटली, गोपाळकृष्णांचंही हेच मत पडलं. गोपाळकृष्ण म्हणजे तिचे यजमान. अम्मीच्या हातचा दालचा ताट पुसूनपुसून खाताना त्यांचं काहीच मत नसायचं. हे मी बोलून दाखवलं.

"तू तिला काय म्हणायचीस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "अम्मी."

"मग तेवढं परत लिही. तुझ्या हाताने." मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

तिने पडद्याकडे पाहिलं. वरच ती आजी होती. उल्काचा हात मांडीवरून उठला नाही.

"कादंबरीला विचारून सांगते," ती म्हणाली.

त्या क्षणी मला तिचा जितका राग आला, तितका आयुष्यात कोणाचा आला नव्हता. याच बाईने अम्मीचं अंथरूण बदलायला मला हात दिला होता. अम्मीची वाचा गेली तेव्हा ती काय मागते हे माझ्याआधी हिला कळायचं. तेव्हा हिला कोणाला विचारावं लागलं नव्हतं. आणि आता अम्मीला अम्मी म्हणायला ही लेकीची परवानगी घेणार. मी काही फेकलं नाही, ओरडले नाही. जाताना दार ओढून घे, एवढंच म्हटलं. तिने ओढून घेतलं.

मग मी बसले. माझा मूळ लेख जसाच्या तसा परत लावला, अम्मी, जुम्मा, नमाज, दोन पातेली, दोन पळ्या. वर 'अम्मीचा दालचा' लिहिलं, खाली 'नाजिमा बागवान'. कादंबरीचा फोन दोनदा वाजला, मी वाजू दिला. शेवटी इंदुबाईंना उत्तर लिहिलं: "तुमचं बरोबर आहे. त्या आजी नव्हत्याच. ती माझी अम्मी, जिनत. आमच्याकडे शुक्रवारी आंबट चालतं. आधीचा लेख ज्यांनी बदलला, त्यांना ना तुमचं घर कळलं, ना माझं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर बघितलं. उल्काची भीती अगदीच हवेतली नव्हती. एकाने मला पाकिस्तानात जायला सांगितलं होतं. त्याला मी विचारलं, कोथरूड डेपोवरून बस आहे का. आणखी एकाने लिहिलेलं मी इथे लिहीत नाही. ते पुसलंही नाही. असू दे त्याच्या नावासकट.

त्यांच्या खाली इंदुबाई होत्या.

"असं होय. मग आधीच नीट लिहायचं ना," त्यांनी लिहिलं होतं. "तुमच्या अम्मींचं वेगळ्या पळीचं वाचलं. आमच्या सासूबाईही अशाच कडक होत्या. पण चिंच किती घ्यायची ते तुम्ही दिलेलं नाही."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. या बाईसारख्यांना घाबरून माझ्या अम्मीला माझ्याच लेखातून बाहेर काढलं होतं. भिंतीपलीकडे उल्काचा मिक्सर चालू होता. काल सांगते म्हणालेली, अजून सांगायला आली नव्हती.

मी इंदुबाईंना लिहिलं, "लिंबाएवढी. पण तुम्ही शनिवारी करा."