माळावरची आंबील

धाकट्या जावेनं, रुद्रम्मानं, वेळा अमावस्येचं आवतण फोनवर द्यावं, ह्याला काय म्हणायचं? सारजाबाईंच्या घशाखाली ते उतरत नव्हतं. तीस वर्षं दोन्ही घरांची येळवस, म्हणजे ह्या अवसेची पूजा आणि पंगत, त्यांच्याच काळ्या रानात व्हायची. कडब्याची खोपटासारखी कोप घालायची, आत पूजा मांडायची, सारजाबाईंनी आंबील वाटायची आणि रुद्रम्मानं भज्जीच्या भाजीचं पातेलं डोक्यावर घेऊन मागं चालायचं. यंदा बाईसाहेबांनी आपल्या माळावर निराळी कोप घातली होती, पवनचक्कीच्या बुडाशी.

तो माळ वाटणीत रुद्रम्माच्या पदरात टाकला सारजाबाईंनीच. नुसती कुसळं आणि दगडं, शेळीसुद्धा तोंड वाकडं करायची. आता तिथं पांढरी पाती गरगरत होती, आणि त्यांची सावली फिरत फिरत सारजाबाईंच्या कोपीवरून जात होती. पंगतीला एक माणूस नव्हतं. सगळं माकणी गाव माळावर.

"जाऊ देत," त्या सुनेला, मंजुषाला म्हणाल्या. "माझा रणधीर येतोय."

रणधीर कोळशाच्या वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होता. पोरगा अख्ख्या जिल्ह्याला उजेड देतो, असं त्या गावभर सांगायच्या. तिथले जुने संच एकेक करून बंद होत चाललेत, हे मात्र सांगत नव्हत्या.

रणधीर आला तो अंगात पवनचक्कीवाल्यांचा निळा शर्ट घालून.

"आई, कोळशाचं काम सुटलं. काकूनं चक्कीवाल्यांकडं शब्द टाकला, आजपासून चक्कीवर लागलो. जागा सोडून लई येळ बसता येत न्हाय. आंबिलीचं गाडगं वरच घेऊन चल."

"काकूनं?"

"व्हय."

तीस वर्षांत सारजाबाई पहिल्यांदा माळ चढल्या, गाडगं घेऊन. वर पंगत बसली होती, पण पानं कोरडी. रुद्रम्मानं घोंगडी झटकली.

"अक्का, पयली वाटी तुमाला. तुमच्याबिगर कुणाला वाढलं न्हाय."

हे तर जास्तच झोंबलं. त्यांनी घोट घेतला. शेजारी रणधीर जेवायला बसला. त्याची नखं स्वच्छ होती, कितीतरी वर्षांनी. सारजाबाईंनी वाटी खाली ठेवली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"रुद्रम्मा, माळ म्या दिला, वारा न्हवता दिला. त्यो तुझ्या नशिबाचा. पोराला कामाला लावलंस, ते बी बरं केलंस. पण आंबील पानचट झालीया. माझ्या गाडग्यातली वाढ."