दादीच्या हातातला हार

कापड ओढलं गेलं, टाळ्या सुरू झाल्या आणि मी कडेवरच्या लेकीला घट्ट आवळलं. चौथऱ्यावर जयकरण उभा होता. माझा नवरा. तेच रुंद कपाळ, तीच किंचित डावीकडे झुकलेली जिवणी. अंगावर तेवढा जुन्या काळचा गणवेश.

खरा जयकरण सीमेवर होता आणि परवापासून त्याचा फोन लागत नव्हता.

पुतळा त्याच्या आजोबांचा, एकाहत्तरच्या लढाईत पडलेल्या मालारामजींचा. त्यांचा एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्लेला. नातू हुबेहूब आजोबांवर गेलाय, असं कुणीतरी मूर्तिकाराला सांगितलं असणार, आणि त्यानं सरळ नातवाचाच चेहरा उचलला.

आता त्या गळ्यात हार पडणार होता. शिकलेली आहे मी, अपशकुन वगैरे मानत नाही असं कॉलेजात ठासून सांगायची. पण आता त्या हाराकडे बघवत नव्हतं. दादीनं, माझ्या आजेसासूनं, या पुतळ्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेले. तिला 'घालू नका' कुठल्या तोंडानं म्हणू?

"चला दादी," सरपंच हरलाल म्हणाले, "साहेबांना पुढच्या गावी जायचंय."

"थांबतील की घटकाभर. मी नाही थांबले इतकी वर्षं?"

पुढच्या रांगेतले म्हातारे फौजी हसले. दादी मान वर करून पुतळा निरखत होती. मी तिच्याजवळ गेले.

"दादी, हा..."

"दिसतंय गं. मोतीबिंदू काढलाय माझा." तिनं आवाज उतरवला. "बरा घडवलाय. कान तेवढे मोठे केलेत तुझ्या नवऱ्याचे."

माझे डोळे भरून आले.

"रडतेस कशाला? जित्या पोराच्या गळ्यात घालीन होय मी हा? यांचं नाव कुठं कोरलंय, ते दाखव."

"दादी, हार गळ्यात घालतात," हरलाल कुजबुजले. "फोटो काढायचाय."

"तू शिकव मला. शेंबूड पुसलाय तुझा."

मी तिला चौथऱ्याच्या पायथ्याशी नेलं, तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं. तिला वाचता येत नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत बोट सावकाश फिरवून तिनं हार तिथंच टेकवला.

पुतळ्यासमोर उघड्या चेहऱ्यानं उभ्या राहिलेल्या दादीनं नवऱ्याच्या त्या नावासमोर मात्र ओढणीचा घुंगट हनुवटीपर्यंत खाली ओढला.