दोन मैलांवरचा पांढरा चौकोन

जगातली प्रत्येक थोर गोष्ट एका ठिणगीतून जन्माला येते, आणि ती ठिणगी किती नेमकी बसवली आहे यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं. हॉलिस एंगस्ट्रॉमचं हे मत होतं आणि ते तो बायकोच्या शिवणाच्या खोलीत बसून मांडत असे. बायको स्वयंपाकघरात असे, कारण शिवणाच्या खोलीत हॉलिस असे.

आमच्या मोंटानातल्या कॉटर फ्लॅटमध्ये माणसं दोन मैलांवरच्या लोखंडी पत्र्याला गोळी मारतात. का मारतात हे विचारायची पद्धत नाही. त्यासाठीची बंदूक एकट्याला उचलवत नाही, काडतूस चांगल्या पोसलेल्या गाजराएवढं असतं, आणि दुकानातलं काडतूस वापरणाऱ्याकडे लोक चर्चच्या जेवणाला विकतचा केक आणणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघतात. काडतूस घरीच भरायचं. पितळेची नळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी, आणि बुडात मसुरीएवढी एक टिकली. तिला प्रायमर म्हणतात. घोडा ओढला की सुई तिच्यावर आपटते, ठिणगी पडते आणि पुढचं सगळं घडतं.

टिकली जरा वर राहिली तर सुईचा अर्धा जोर तिला आत ढकलण्यातच जातो. फार दाबली तर आतलं रसायन चिरडतं. एक अशी, एक तशी बसली तर गोळ्यांचा वेग कमीजास्त होतो आणि दोन मैल जाईपर्यंत तो फरक पुरुषभर उंचीचा होतो. इथपर्यंत सगळं खरं आहे. भांडण यापुढे सुरू होतं.

हॉलिसने सगळी नोकरी जमीनमोजणीत काढली होती. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही तेव्हा तो टिकल्यांकडे वळला. त्याच्याकडे तबकडीचं एक यंत्र होतं. त्यावर टिकली किती खोल बसली ते इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत दिसे. मनासारख्या बसलेल्या एका बरणीत, जवळजवळ मनासारख्या दुसऱ्या बरणीत, आणि बाकीच्यांशी तो बोलत नसे. तो कामाला बसला की त्याच्या बायकोने, आर्डिथने, धुण्याचं यंत्र लावायचं नाही, जिन्यावरून चालायचं नाही, आणि शिंक आली तर अंगणात जायचं.

आर्डिथचा भाऊ ऑर्व्हल स्कार हा दुसऱ्या पंथाचा. गुरांच्या लिलावात आयुष्य गेलेला माणूस. तो टीव्हीवर बेसबॉल बघत बघत, वडिलांच्या वेळच्या पक्कडीने टिकल्या बसवी आणि म्हणे, अंगठ्याला कळतं. अर्थात हा साधेपणाही फुकट नव्हता. नेमबाजीच्या दिवसांत तो त्या अंगठ्याने बाटली उघडत नसे, हस्तांदोलन डाव्या हाताने करी, आणि रात्री अंगठ्याला लोणी लावून त्यावर मोजा चढवी, असं त्याची बायको सोडून जाताना सांगून गेली.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेली टर्की कापताना ऑर्व्हल म्हणाला, "हॉलिस, तू टिकली बसवतोस का तिचं लग्न जमवतोस?"

हॉलिस म्हणाला, "ज्याच्या अंगठ्याला टर्की कच्ची आहे हे कळलं नाही, त्याने बोलू नये."

टर्की ऑर्व्हलने भाजून आणली होती. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. दोघांनी मिळून करायची कामं होती: बर्फात भोक पाडून मासे धरणं, चर्चचं धुराडं साफ करणं, वसंतात पत्रा पांढरा रंगवून टांगणं. ती बिनबोलता जशी झाली तशी झाली. निरोप आर्डिथमार्फत जात. ती ते वाटेत बरेच सौम्य करी.

आर्डिथचं दुःख वेगळं होतं. ती गोधड्या शिवते, आणि नुसत्या शिवत नाही. जिल्ह्याच्या जत्रेत तिच्या गोधडीपुढे लोक टोप्या काढतात. हॉलिसची यंत्रं खोलीत आल्यापासून तिची गोधडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायची, आणि जेवायच्या वेळी गुंडाळायची. गोधडीला रश्श्याचा वास येऊ लागला होता. एप्रिलमध्ये तिने हॉलिसला समोर बसवलं.

"मे महिन्यात तू आणि ऑर्व्हल पत्र्याला मारणार. त्याच्यापेक्षा एक गोळी जरी तुझी जास्त लागली, तर खोली तुझी. मी पुन्हा नाव काढणार नाही. नाहीतर तुझं सगळं सामान गोठ्यात."

"गोठ्यात ओल असते," हॉलिस म्हणाला.

"मग नीट मार."

हॉलिसने तिच्याशी हात मिळवला. नंतरचे दिवस तो खोलीबाहेर फक्त जेवायला आला, आणि तेव्हाही गोधडी गुंडाळली जाईपर्यंत दारात उभा राहिला.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी हवा स्वच्छ होती. दुर्बिणीला आर्डिथला बसवलं, कारण ती एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण, त्यामुळे दोघांचाही तिच्यावर सारखाच अविश्वास. तिने दुर्बीण लावली आणि म्हणाली, यंदा पत्रा मोठा दिसतोय. हॉलिसने सांगितलं की नवी काच आहे.

गेल्या वर्षी दोघांची पाचातली एकेकच लागली होती, आणि एवढ्यावर गावाने त्यांना वर्षभर मान दिला होता. हॉलिस बंदुकीमागे पालथा झाला. गोळी सुटली. ती पोचेपर्यंत आर्डिथने थर्मासचं झाकण लावलं आणि पुन्हा डोळा लावला.

"लागली," ती म्हणाली. "पांढरं उडालं."

दुसरी लागली. तिसरी, चौथी, पाचवी लागली. हॉलिस उठला तेव्हा त्याचा चेहरा नुकताच पर्वतावरून देवाच्या आज्ञा घेऊन उतरलेल्या माणसासारखा होता. आपण जे म्हणत होतो ते हेच, असं त्याने क्षितिजाला सांगितलं. मग ऑर्व्हलने अंगठ्यावरचा मोजा काढला, पालथा झाला, आणि त्याच्याही पाची लागल्या. त्याने क्षितिजाला काही सांगितलं नाही. नुसता अंगठा दाखवला.

बरोबरी झाली म्हणून आणखी पाच पाच. पुन्हा सगळ्या लागल्या. ऊन चढलं होतं. तिसऱ्या फेरीआधी आर्डिथ डोळा न काढताच म्हणाली, "हा पत्रा लहान होतोय."

हॉलिसने तिला मृगजळ समजावलं. तापलेली हवा वर जाते, प्रकाश वाकतो, आणि अननुभवी डोळ्याला वस्तू आक्रसल्यासारखी वाटते.

"डावीकडून खाल्ल्यासारखा दिसतोय."

"वारा डावीकडून आहे," ऑर्व्हल म्हणाला. "मृगजळ वाऱ्याच्या बाजूनेच खातं."

हॉलिसने मान डोलावली. गेल्या हिवाळ्यापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

तिसऱ्या फेरीत हॉलिसच्या पाची लागल्या. ऑर्व्हलची शेवटची चुकली. आर्डिथ म्हणाली, माती उडाली. ऑर्व्हल अंगठ्याकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याचा होता. हॉलिस सावकाश उठला, गुडघे झाडले, आणि खोलीत डाव्या भिंतीला आणखी एक फळी ठोकावी लागेल, असं म्हणाला.

आर्डिथने दुर्बिणीला टोपण लावलं. "करार पत्र्याचा होता. चला, पत्रा बघू."

हॉलिसला तर पत्र्याशेजारी उभं राहून फोटो काढायचाच होता. तिघं त्याच्या पिकअपमधून निघाले, ऑर्व्हल मागे बंदुकीपाशी बसला. टेकडीखाली दोन खांब होते. खांबांना साखळ्या होत्या. साखळ्यांना काही नव्हतं. मागच्या सावलीच्या घळीत टोपीएवढा बर्फ उरला होता आणि त्याच्याभोवतीचं गवत ओलं होतं.

हॉलिसने एक साखळी ओढून बघितली.

"तू टांगला नाहीस?" हॉलिसने शेवटी मेव्हण्याला विचारलं.

"मला वाटलं तू टांगलास."

"सांगायचंस."

"कुणाला? तू बोलत होतास का?"

तेवढ्यात रानाचा मालक डेल पुगमायर चारचाकी मोटरसायकलवर आला. एप्रिल संपत आला तरी पत्र्याला कुणी विचारेना, म्हणून तो त्याने नेला होता. वासरांच्या कोठ्यापुढे चिखल फार होतो, तिथे पाय द्यायला बरा पडतो. हवा असेल तर न्या, म्हणाला, पण चिखल वाळल्यावर.

आर्डिथने कोठ्यापर्यंत जाऊन पत्रा उलटवायला लावला, चष्मा घातला आणि दोन्ही बाजू पाहिल्या. शेणाखाली गेल्या वर्षीचे दोन डाग होते, एक हॉलिसचा आणि एक ऑर्व्हलचा. तिसरा नव्हता. दुसऱ्या दिवशी, चर्चहून आल्यावर, दोघा मेव्हण्यांनी मिळून यंत्रं गोठ्यात नेली, आणि शिवणाचं यंत्र खोलीत आलं.

तरीही, हॉलिस गोठ्याच्या दारात थांबून म्हणाला, टिकल्या सारख्या बसल्याशिवाय सगळ्या गोळ्या एका जागी जात नाहीत, हे तर सिद्ध झालं. जागा कोणती, हा वेगळा प्रश्न. ऑर्व्हलने हे मान्य केलं, फक्त टिकल्यांच्या जागी अंगठा घातला.

डेलने नंतर कॅफेत सांगितलं की त्या सकाळी घळीतला तो बर्फ त्याच्या गुरं नेण्याच्या ट्रकएवढा होता.