एका नंबरावर सात माणसं

माणूस कपाटापुढे कसा उभा राहतो त्यावरून तो किती दिवस टिकेल हे मी सांगू शकतो. हात मागे बांधून उभा असेल तर नुसता पाहायला आलेला. पहिल्याच फ्लॉपीला हात घातला तर घरी कोणीतरी वाट पाहत असणार. विश्वनाथ मेश्राम दर रविवारी फ्लॉप्यांचे सगळे डबे काढायचा, सगळे परत लावायचा आणि रिकाम्या हाताने घाम पुसत व्हरांड्यात जायचा. असे पाच महिने.

कपाट आमच्या रविवार संगणक मंडळाचं. मंडळ म्हणजे धंतोलीतल्या एका शाळेची प्रयोगशाळा, एक संगणक, एक कूलर आणि बावीस सभासद. संगणक सर्वांचा, कूलर फक्त संगणकाचा. मी शाळेचा निवृत्त हेडक्लार्क, म्हणून किल्ल्या आणि रजिस्टर माझ्याकडे. कपाटातल्या फ्लॉप्यांवर सभासदांनी लिहिलेले प्रोग्राम, सोबत त्यांचे छापील कागद. कोणीही न्यावेत, वाचावेत, सुधारून परत ठेवावेत. ही रीत मधुसूदन सरांनी आणली. त्यांच्या साडूने परदेशातून पाठवलेल्या एका फ्लॉपीवर लिहिलं होतं म्हणे, की हे कोणा एकाच्या मालकीचं नाही, सुधारा आणि पुढे द्या. सर इंजिनीयर. चांगली गोष्ट वाचली की लगेच तिचा नियम करतात. नियम असा झाला: ज्याने सहा महिन्यांत दुसऱ्याच्या प्रोग्रामात एकही कामाची भर घातली नाही, त्याची संगणकावरची पाळी गेली. भर कामाची आहे, हे मूळ लिहिणाऱ्याने रजिस्टरात सही करून सांगायचं.

विश्वनाथची मुदत मे सत्याऐंशीच्या शेवटच्या रविवारी संपत होती. तो वीजबिलं लिहिणारा कारकून. आठवड्याचा हा एक तास गेला असता, तर नागपुरात दुसऱ्या संगणकाला त्याला कोणी बोट लावू दिलं नसतं. सीताबर्डीवरचा क्लास होता, पण तो त्याच्या पगाराच्या लोकांसाठी नव्हता.

"काका, मले काम सापडत नाही," तो म्हणायचा.

"कपाट भरलं आहे."

"भरलं आहे, पण सगळं चालून राहिलं."

खरं सांगायचं तर त्याला काम नको होतं, पराक्रम हवा होता. आधी त्याने बुद्धिबळाचा खेळ नेला. महिनाभर ठेवला, आणि खेळ त्याच्याकडून एकदाही हरला नाही एवढं कळल्यावर परत आणला. मग अनंतचा प्रोग्राम. अनंतचं गांधीबागेत कापडाचं दुकान. प्रोग्राम गाठींची यादी छापायचा. त्याची तक्रार एवढीच, की यादीची शेवटची अक्षरं कागदाबाहेर जातात. विश्वनाथने तीन आठवड्यांत अख्खा प्रोग्राम नव्याने लिहून आणला.

अनंतने कागद पुढून पाहिले, मागून पाहिले. "मी दाराले कडी मागतली होती गा. तू घर पाडून नवं बांधून आणलं. आता माझ्या मुनीमाले हे कोण शिकवन?"

सही मिळाली नाही.

एप्रिल संपता संपता त्याचं एका जागी बसणंच बंद झालं. पाच मिनिटं खुर्चीवर, दहा व्हरांड्यात, मग दुसऱ्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत नखं खाणं. ज्याची पाळी असे तो वैतागून मागे पाही. शेवटी मीच बोललो.

"विश्वनाथ, पोरी पाहायले निघाल्यासारखा प्रोग्राम पाहून राहिला तू. हिचं नाक, तिची उंची. ते सोड. प्रोग्राम जो वापरते, त्याच्याजवळ जाऊन बस."

"कोणाजवळ बसू?"

"सुमतीबाई महिन्याले यादी न्यायले येते. दर वेळी तोंड वाकडं करून नेते. काहून, ते मी विचारलं नाही. रजिस्टरात तसा रकाना नाही."

सुमतीबाई रक्तदात्यांच्या एका संघटनेचं टेबल सांभाळायच्या. सीताबर्डीवर एका औषधाच्या दुकानाचा कोपरा, त्यात टेबल आणि फोन. दवाखान्यातून निरोप आला, की यादीत रक्तगट आणि मोहल्ला पाहून दात्याला बोलावायचं. ती यादी मधुसूदन सरांच्या प्रोग्रामातून निघायची. मंडळातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात देखणा प्रोग्राम. त्याला आजवर कोणी हात लावला नव्हता. कोणाची छाती झाली नव्हती.

विश्वनाथ एका संध्याकाळी तिथे जाऊन बसला. पुढचं त्याने मला सांगितलं ते असं.

"यादी छानच आहे हो," सुमतीबाई म्हणाल्या. "धरमपेठेतला माणूस मागा, नऊ नावं. पाचपावलीतला बी पॉझिटिव्ह मागा, एकच. आणि पाचपावलीत मी स्वतः सतरंजी टाकून फॉर्म भरून घेतलेत."

"माझाही तुम्हीच भरला होता, ताई. तीन वर्षं झाले, कोणी बोलावलं नाही. मले वाटलं, माझं रक्त पसंत नाही पडलं."

त्यांनी फॉर्मचा खोका काढला. विश्वनाथचा फॉर्म होता. यादीत नाव नव्हतं. फॉर्मवर फोनच्या जागी बळीराम किराणावाल्याचा नंबर आणि पुढे पी.पी. अशी दोन अक्षरं. ज्याच्या घरी फोन नाही तो शेजाऱ्याचा नंबर देतो आणि पुढे ही अक्षरं लिहितो, लग्नपत्रिकेवरसुद्धा लिहितात. विश्वनाथने खोक्यातले सगळे फॉर्म मोजले, मग यादी मोजली. फॉर्म तीनशे चाळीस, यादीत नावं दोनशे अकरा. एकशे एकोणतीस माणसं आत गेली होती आणि बाहेर आली नव्हती.

त्याने प्रोग्रामचा कागद घरी नेऊन ओळीओळीने वाचला. एका ओळीत सापडलं. तोच फोन नंबर पुन्हा आला, की प्रोग्राम आधीचं नाव पुसून त्या जागी नवं लिहायचा. बळीरामच्या नंबरावर सर्वांत शेवटी ज्याने फॉर्म भरला तेवढा एक उरला होता. बाकीचे त्याच्याखाली गाडले गेले.

मेच्या दुसऱ्या रविवारी त्याने ती ओळ सरांपुढे ठेवली. सर रागावले नाहीत. ते रागावत नाहीत, समजावतात.

"ही चूक नाही, मेश्राम. मुद्दाम तसं केलंय. लोक दोनदोनदा फॉर्म भरतात, नाव कधी असं लिहितात कधी तसं. नंबर मात्र बदलत नाही. एक नंबर, एक माणूस."

"सर, आमच्याकडे एक नंबर, तेवीस घरं."

"आणि बोलवायचं कसं? तो किराणावाला गल्ला सोडून घरोघर हिंडणार आहे का?"

"हिंडतेच तो."

"मला नाही पटत. आणि पटल्याशिवाय मी सही करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

सरांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी लिहून द्यायला तयार आहे. त्यांच्या घरी बैठकीत फोन, त्यांच्या भावाकडे फोन, सासुरवाडीला फोन. निरोप घेऊन येणारा माणूस त्यांच्या दारात कधी उभाच राहिला नव्हता, तर तो प्रोग्रामात कुठून येणार?

मुदतीच्या शेवटच्या रविवारआधी विश्वनाथच्या दोन पाळ्या उरल्या होत्या. त्या दोन तासांत त्याने सरांच्या फक्त तीन ओळी बदलल्या, आणि गाडलेली एकशे एकोणतीस नावं फॉर्म पाहून पुन्हा टाइप केली. घर पाडलं नाही. मी मनातल्या मनात एक बरोबरची खूण केली.

शेवटच्या रविवारी उन्हाने डांबर मऊ पडलं होतं. सरांनी स्वतः खुर्ची ओढली आणि पाचपावली, बी पॉझिटिव्ह असं विचारलं. पडद्यावर सात नावं आली. सातांपुढे नंबर एकच.

"एका नंबरावर सात माणसं," सर म्हणाले. "पडद्यावर दिसतायत. पण येतील का?"

"फोन लावून पाहा नं, सर." विश्वनाथ एकदा या पायावर उभा राहत होता, एकदा त्या.

मी मुख्याध्यापकांची खोली उघडून दिली. सरांनी नंबर फिरवला. बळीरामचा आवाज एवढा मोठा, की रिसीव्हर नसता तरी चाललं असतं.

"कोण पाहिजे जी?"

सरांनी हजेरी घेतल्यासारखी सातही नावं वाचली.

"थांबा. देवराव हा काय, दुकानापुढे बसला आहे. कौसल्या माहेरी गेली. दोघं कामावर. विश्वनाथ तुमच्याकडेच असन, रविवारचा त्या कम्प्युटरच्या शाळेत मरून राहते तो. बाकी दोघायले निरोप देतो. काम काय होतं?"

"रक्तदानाबद्दल बोलायचं होतं. मी धंतोलीच्या शाळेतून..."

"समजलं," बळीराम म्हणाला आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक उभं असेल.

सर हातातल्या रिसीव्हरकडे पाहत राहिले. "मी त्याला कोणाला पाठव म्हणालो नाही."

"नाही म्हणालात," मी म्हणालो. मी ऐकलं होतं.

अर्ध्या तासाने फाटकाशी सायकल वाजली. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पन्नाशीला टेकलेला एक माणूस, बाही आधीच वर दुमडलेली.

"मी देवराव. दोघं मागून येऊन राहिले. कोणाले लागलं जी रक्त?"

सरांना खोटं बोलता येत नाही. "कोणालाच नाही. मी फक्त तपासून पाहत होतो, तुम्हाला निरोप मिळतो का."

मला वाटलं, आता हा चांगलं सुनावेल. देवराव फरशीवर टेकला, मी दिलेलं पाणी प्यायला.

"मिळाला नं. चार वर्षं झाले फॉर्म भरून. बायको म्हणे, तुमचं नाव उंदरानं खाल्लं." त्याने तोंड पुसलं. "आता आलोच तर घेऊन टाका. पुन्हा या उन्हात कोण येते?"

सर स्कूटरची किल्ली उचलून म्हणाले, "रक्तपेढी उघडी असते रविवारी. थोडं बसा, ऊन उतरू द्या अंगातलं, मग चला."

ते दोघं गेले तेव्हा रजिस्टर उघडंच होतं आणि सहीचा रकाना कोराच. विश्वनाथने माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं नाही. दोन तास तो फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंत येरझारा घालत होता. मधे ते मागून येणारे दोघं आले. त्यांनाही त्याने आपल्याबरोबर चालायला लावलं.

सर परतले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, उभ्यानेच सही केली, तारीख घातली.

"मेश्राम, पुढच्या रविवारी तुमची पाळी किती वाजता?"

"दहा."

"त्यातली पंधरा मिनिटं मला द्या. निरोप कोण देतो, त्याचंही नाव नंबरापुढे यायला हवं."

विश्वनाथने माझ्या हातातलं रजिस्टर ओढून सही खरी आहे का ते पाहिलं.

"दहा मिनिटं देतो, सर," तो म्हणाला. "मलेही काम आहे."